‘जुनी गाडी, असं चालायचंच’ हे निदान नव्हे

परभणी जिल्ह्यात कार्बोरेटरची गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेलं असतं. गाडी शहरातून झकास निघते, जिंतूर रस्त्याला लागते, झरीच्या पुढे गचके खाते आणि बंद पडते. दहा मिनिटं थांबलं की एका सेल्फमध्ये सुरू होते. दुसऱ्या दिवशी गॅरेजात नेली तर तिथे ती शहाण्यासारखी उभी राहते. वस्ताद बॉनेटवर हात ठेवून सांगतात, ‘साहेब, जुनी गाडी आहे, असं चालायचंच.’ घरी नातेवाईक सांगतात, विकून टाका. आणि मालक एव्हाना तीन वेळा कार्बोरेटर साफ करून, एक पंप बदलून थकलेला असतो, त्यामुळे तोही मान डोलावतो.

मला या वाक्याचा राग येतो. ते बोलायला सोपं आहे आणि त्याच्या आड माहितीचा अभाव लपतो. त्याच्यापायी चांगल्या गाड्या भंगारात गेल्या आहेत.

या मताची बाजू आधी पूर्ण ताकदीने मांडतो. ते म्हणतं, गाडी चाळीस-पन्नास वर्षांची आहे, सगळंच झिजलंय, कशाकशाला शोधणार? कधी होणारा आणि कधी न होणारा दोष सापडतच नाही, कारण त्याला काही नियमच नसतो. वर परभणीचं ऊन, मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे. अशात जुन्या गाडीचं पेट्रोल पाइपातच उकळणार. शिवाय आता पेट्रोल पहिल्यासारखं राहिलेलं नाही, इथेनॉल आलंय. तेव्हा कार्बोरेटर धुऊन घ्या, नाहीतर पंप बदला, नाहीतर इलेक्ट्रिक पंप बसवा. तरी नाही जमलं तर गाडीचा नाद सोडा.

वयापासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळं त्याच्याच आधारावर उभं आहे. आपण जिला आजही सरसकट ‘फियाट’ म्हणतो ती वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडली. १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ती विकली गेली. १०८९ सीसीचं इंजिन, एक सोलेक्स कार्बोरेटर, इंजिनाच्याच हालचालीवर चालणारा पंप, ज्याला आपले मिस्त्री एसी पंप म्हणतात. झाकण, टाकी, आतली जाळी, लोखंडी पाइप, दोन-तीन रबरी तुकडे, पंप, फ्लोट, नीडल, जेट. पेट्रोलचा सगळा रस्ता एवढाच. त्यात ना संगणक आहे, ना सेन्सर. यातली कोणती गोष्ट माणसाच्या आकलनापलीकडची आहे?

आणि वय हे कारण कसं असेल? गाडी महिन्यातून चार वेळा बंद पडते. म्हणजे उरलेल्या वेळी तीच, तितक्याच वयाची गाडी चालते. जी गोष्ट दोन्ही वेळी सारखी आहे ती त्यातल्या फक्त एका वेळी घडणाऱ्या गोष्टीचं कारण होऊ शकत नाही. पेट्रोल वयामुळे अडत नाही. ते टाकीतल्या गंजामुळे, आतून फुगलेल्या रबरामुळे, सुकलेल्या पॅकिंगमुळे, थकलेल्या डायफ्रॅममुळे अडतं. या प्रत्येकाला नाव आहे, जागा आहे आणि तपासायची रीत आहे. ‘सगळंच झिजलंय’ असं म्हणणारा प्रत्यक्षात सांगत असतो की त्याने काहीच पाहिलेलं नाही.

‘नियम नसतो’ हे दुसरं म्हणणं तर पूर्ण उलटं आहे. कायमचा बंद पडलेला पंप काहीच सांगत नाही. तो नुसता बंद असतो. अधूनमधून होणारा दोष मात्र दर वेळी आपल्या अटी सांगून जातो. दिवसाआड येणाऱ्या तापात जुने डॉक्टर तापाच्या वेळा विचारायचे आणि रक्त ताप चढलेला असताना घ्यायचे. इथेही कधी होतं हेच पहिलं विचारायचं. टाकी किती भरलेली होती? किती किलोमीटर झाले होते? चढ होता का? वेग किती होता? बंद पडण्याआधी गचके आले की दिवा विझावा तशी गेली? आपल्याकडे गॅरेजात गाडी गेली की यातलं काय विचारलं जातं? बहुतेक वेळा काहीच नाही. पाना आधी हातात येतो.

या प्रश्नांची उत्तरं किती बोलकी असतात ते पाहा. टाकी फुल असताना दोष लवकर येतो आणि अर्धी असताना उशिरा, तर झाकणाकडे पाहा. पेट्रोल कमी होतं तशी त्या जागी हवा आत यावी लागते. झाकणाचं बारीक भोक मातीने बुजलं, किंवा चोरीच्या भीतीने कुणी भोक नसलेलं कुलपाचं झाकण बसवलं, की टाकीत ओढ तयार होते आणि पंप त्या ओढीपुढे हरतो. टाकी भरलेली असते तेव्हा वरची हवा थोडी, म्हणून ओढ लवकर चढते. गाडी बंद पडताच झाकण उघडा. ‘फुस्स’ आवाज होऊन हवा आत गेली आणि गाडी लगेच सुरू झाली तर निदान तिथेच झालं. याला एक रुपया लागत नाही. तरीही पंप बदललेल्या किती गाड्यांचं झाकण आधी उघडून पाहिलं गेलं असेल?

उलट टाकी पावच्या खाली गेल्यावरच त्रास होत असेल तर टाकीतल्या पाइपाला वरच्या बाजूला बारीक छिद्र पडलेलं असू शकतं. पेट्रोल त्या छिद्राच्या वर असेतो काही कळत नाही, खाली गेलं की पंप हवा ओढतो. किंवा तळाचा गंज वळणावर हलतो आणि जाळीवर येऊन बसतो. ही परभणीची खास अडचण आहे. मनमाडजवळच्या पानेवाडीहून टँकरने येणारं पेट्रोल आपल्याकडे महाग पडतं. २०१८ मध्ये देशात सर्वांत महाग पेट्रोल विकणाऱ्या शहरांत परभणीचं नाव गाजलं होतं. त्यामुळे हौसेने ठेवलेल्या गाडीत लोक दोन-तीन लिटरच टाकतात, ती महिनोन्महिने उभी राहते, रिकाम्या टाकीत ओल धरते, पत्रा आतून गंजतो. मग तोच गंज एखाद्या सकाळी पोखर्णीच्या रस्त्यावर जाळी गाठतो.

वेग आणि चढाचं गणित तर कागदावर मांडता येतं. ताशी ६० किलोमीटरने जाणारी फियाट लिटरला १२ किलोमीटर देत असेल तर तासाला ५ लिटर, म्हणजे मिनिटाला साधारण ८३ मिलिलिटर पेट्रोल लागतं. निरोगी एसी पंप मिनिटाला अर्धा लिटर सहज देतो. एवढी शिल्लक असल्यामुळे पंपाची किंवा पाइपाची ताकद तीन चतुर्थांश गेली तरी शहरात काहीच जाणवत नाही. स्टेशन ते वसमत रोड गाडी उत्तम चालते. जिंतूरच्या पुढे येलदरीकडे चढ लागला, चार माणसं आत बसली, ॲक्सिलरेटर खाली गेला, की मागणी पुरवठ्याच्या वर जाते आणि गाडी मान टाकते. थांबलं की कार्बोरेटरचा बाऊल हळूहळू भरतो आणि गाडी पुन्हा ‘बरी’ होते. यात लहरीपणा कुठे आहे? हा वजाबाकीचा हिशेब आहे.

शिवाय बाऊलमध्ये साधारण अर्ध्या मिनिटाचं पेट्रोल असतं. म्हणजे गाडी जिथे गचके खाते तिथून अर्धा किलोमीटर आधीच पुरवठा थांबलेला असतो. खड्डा नेमका त्या ठिकाणी आला म्हणून वायर हलली असेल, असं म्हणणाऱ्याने हे अंतर लक्षात घ्यावं.

आता कार्बोरेटर धुण्याबद्दल. आपल्या जिल्ह्यात हा सर्व रोगांवरचा एकच उपचार झाला आहे. कार्बोरेटर खोलायचा, पेट्रोलमध्ये बुडवायचा, जेटला फुंकर मारायची, बसवायचा. गाडी दोन-चार दिवस चालते आणि कार्बोरेटरचाच दोष होता हे सगळ्यांना पटतं. पण बाऊलमध्ये कचरा आला कुठून? तो कार्बोरेटरमध्ये तयार होत नाही. तो टाकीतून, पाइपातून, सडत चाललेल्या रबरातून येतो. उगम तसाच ठेवून शेवटचं टोक धुणं म्हणजे पुढच्या बिलाची तारीख ठरवणं. वर दर खोलण्यात पितळी जेटचं तोंड तारेने रुंदावतं, फ्लोटची पातळी बदलते, पॅकिंग फाटतं. मग जुन्या दोषात नवे दोष मिसळतात आणि खरोखरच काही कळेनासं होतं. तेव्हा पुन्हा तेच वाक्य येतं की जुनी गाडी आहे.

उन्हाचा मुद्दा सर्वांत लोकप्रिय आहे आणि सर्वांत कमी तपासलेला. ‘पंप गरम झाला, ओलं फडकं टाका.’ रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं ठेवलं, दहा मिनिटांनी गाडी सुरू झाली, म्हणजे उष्णताच कारण होती, असा निष्कर्ष निघतो. हा निष्कर्ष चुकीचा आहे. त्या दहा मिनिटांत फडक्याबरोबर आणखी काय काय घडलं? टाकीतली ओढ हळूहळू उतरली. जाळीवर चिकटलेला कचरा सुटून तळाला बसला. तापलेली कॉइल आणि कंडेन्सर गार झाले. बाऊल भरला. गाडी यातल्या कोणत्याही कारणाने सुरू झाली असती. फडक्याने काही सिद्ध करायचं असेल तर एका वेळी फडकं टाकून आणि पुढच्या वेळी न टाकता तितकाच वेळ थांबून पाहायला हवं. फडक्याशिवायही ती तितक्याच वेळात सुरू झाली तर पंपाच्या गरमीचा मुद्दा निकालात निघतो.

पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटतो हे खरं आहे. पेट्रोल हे अनेक घटकांचं मिश्रण, त्यातले सर्वांत हलके घटक ४० अंशांच्या आसपासच उकळू लागतात, आणि पंपाच्या अलीकडे पाइपात ओढ असल्याने ते आणखी लवकर उकळतात. पण या दोषाची स्वतःची खूण आहे. इंजिन बंद केल्यावर पंखा थांबतो, वारा थांबतो आणि बॉनेटखालची उष्णता काही मिनिटं वाढतच जाते. म्हणून वाफेचा त्रास गर्दीत रेंगाळताना होतो, किंवा तापलेली गाडी चहाला उभी करून पुन्हा सुरू करताना होतो. मोकळ्या रस्त्यावर ६० च्या वेगात, समोरून वारा येत असताना बंद पडणारी आणि बॉनेट न उघडता दहा मिनिटं उभी राहून बरी होणारी गाडी वाफेचं लक्षण दाखवत नाही. ती त्याच्या नेमकं विरुद्ध लक्षण दाखवते. आणि जी गाडी डिसेंबरच्या पहाटे, स्वेटर घालून चालवतानाही तशीच बंद पडते, तिच्या मालकाला ऊन कारण म्हणून कसं सांगता येतं?

सत्तर-ऐंशीच्या दशकांतही परभणीत मे महिना होता. डॉक्टरांच्या फियाट, सरकारी ॲम्बॅसेडर आणि महिंद्राच्या जीप याच उन्हात गंगाखेड, पाथरी, सेलू करत होत्या. तेव्हा ज्या गाड्यांत पंप आणि इंजिनाच्या मध्ये उष्णता अडवणारं जाड पॅकिंग होतं, त्यांत आज अनेकदा कागदाचा पातळ तुकडा सापडतो. पाइप एक्झॉस्टपासून दूर क्लिपमध्ये बसलेला होता; आज क्लिप नाही आणि पाइप सायलेन्सरच्या पाइपाला टेकलाय. ऊन वाढलं म्हणण्याआधी हे दोन भाग जागेवर आहेत का ते पाहा. त्या पॅकिंगची जाडीही महत्त्वाची आहे: जास्त पॅकिंग घातलं तर पंपाचा दांडा पुरता दाबला जात नाही आणि नवाकोरा पंपही कमी पेट्रोल देतो. ‘नवा पंप टाकूनही फरक नाही’ या तक्रारीचं मूळ कित्येकदा इतकं साधं असतं.

इथेनॉलबद्दल मी एवढं मान्य करतो की पेट्रोल बदललं आहे. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल देशात फेब्रुवारी २०२३ पासून मिळू लागलं आणि आता तेच सर्वत्र आहे. जुन्या रबराला ते मानवत नाही, पाणी ते शोषून घेतं आणि पाणी जास्त झालं की इथेनॉल पाण्यासह वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. पण यावरून ‘इथेनॉलमुळे गाडी मध्येच बंद पडते’ एवढं बोलून थांबणं म्हणजे तपास टाळणं. इथेनॉलला जाळायला हवा कमी लागते, म्हणून जुन्या जेटवर मिश्रण पातळ होतं. तो परिणाम रोज, दर किलोमीटरला सारखा जाणवला पाहिजे. गाडी सोमवारी उत्तम आणि मंगळवारी बंद, याचं उत्तर त्यात नाही. इथेनॉलने रबर खराब केलं असेल तर ते खराब रबर दाखवा. पाइप हातात घेऊन दाबा. मऊ पडलेला पाइप पंपाच्या ओढीने आतल्या आत चिकटतो आणि ओढ गेली की पुन्हा उघडतो, बाहेरून काहीच दिसत नाही. कडक होऊन तडकलेला पाइप हवा आत घेतो पण पेट्रोलचा थेंब बाहेर टाकत नाही, कारण तिथे दाब नसून ओढ आहे. म्हणून ‘कुठे गळत नाही’ हे वाक्य टाकी ते पंप या भागासाठी निरर्थक आहे. पंपाच्या अलीकडे वीतभर पारदर्शक पाइप तात्पुरता जोडला तर येणारे बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. दोष सापडला की इथेनॉलला चालणारा पाइप आणि डायफ्रॅम बसवायचा. सरकारच्या नावाने बोटं मोडून पाइप बदलत नाही.

इलेक्ट्रिक पंप हा या सगळ्यावरचा आधुनिक तोडगा म्हणून सांगितला जातो. टाकीजवळ बसवलेला, योग्य दाबाचा पंप वाफेच्या खऱ्या त्रासावर उपाय आहे. पण आपल्याकडे काय बसवलं जातं? जे हाताला लागेल ते. कार्बोरेटरची नीडल तीन-चार पीएसआय दाबापर्यंतच पेट्रोल अडवू शकते; इंजेक्शनच्या गाड्यांचे पंप त्याच्या दहापट दाब देतात. तो पंप जोडला की पेट्रोल बाऊल ओलांडून तापलेल्या इंजिनावर सांडतं. इंजिन बंद पडलं तरी इग्निशन चालू असेल तर पंप ढकलतच राहतो. गाडी अधूनमधून बंद पडते हा त्रास आहे; ती पेटणं हा घात आहे. बुजलेली जाळी जोर लावून पार करणाऱ्या पंपाला दुरुस्ती म्हणायचं धाडस मी करणार नाही.

आणि या सगळ्यात दोष पेट्रोलचा आहेच, हे ठरवलं कुणी? तापल्यावर उघडी पडणारी कॉइल आणि डेल्कोतला, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधला, कंडेन्सर हुबेहूब हीच तक्रार निर्माण करतात: दहा मैल चालणं, बंद पडणं, गार झाल्यावर सुरू होणं. फरक जाण्याच्या पद्धतीत आहे. पेट्रोल संपत गेलं तर गाडी आचके देत जाते. करंट गेला तर एकदम गप्प होते. बंद पडल्या क्षणी एअर क्लीनर काढून कार्बोरेटरच्या तोंडात पाहत थ्रॉटल हलवा: पेट्रोलची पिचकारी आली तर बाऊलमध्ये पेट्रोल आहे, करंट तपासा. नाही आली तर पंपाकडे आणि टाकीकडे मागे मागे जा. इंजिनाचं ऑइल काठीवर घेऊन वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर डायफ्रॅम फाटलाय. पंपाचा प्रवाह मात्र गॅरेजात, इंजिन गार असताना, कॉइलची वायर काढून, बाटलीत पाइप सोडून मोजावा, आणि अग्निशामक जवळ असावा. तापलेल्या इंजिनाशेजारी रस्त्यावर हा प्रयोग कुणीही करू नये.

‘एवढं कोण करत बसणार?’ हा शेवटचा आक्षेप. मिस्त्रींची अडचण मला दिसते. २०२० च्या एप्रिलपासून नव्या दुचाकींतूनही कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला, नवी पोरं स्कॅनर लावून शिकतात आणि फियाटला स्कॅनर लावायला जागाच नाही. गिऱ्हाइकालाही गाडी संध्याकाळपर्यंत हवी असते. पण मग सरळ सांगावं की मला वेळ नाही, किंवा हे काम मला येत नाही. तो प्रामाणिकपणा झाला. आपल्या न पाहण्याचं खापर गाडीच्या वयावर फोडणं हा प्रामाणिकपणा नाही. दोनदा कार्बोरेटर, एक पंप आणि एक कॉइल बदलायला जो वेळ आणि पैसा जातो त्याच्या एका तुकड्यात वरच्या सगळ्या तपासण्या होतात.

विका म्हणणाऱ्यांनाही सांगतो. केंद्र सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या खासगी गाड्यांसाठी स्वतंत्र ‘व्हीए’ नोंदणी आणली, म्हणजे अशा गाड्यांचं जपण्याजोगं असणं आता कायद्यानेच मान्य केलं आहे. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी गेली तेव्हा आठवणींचा पूर आला. त्या आठवणींइतकंच प्रेम टाकीतल्या जाळीवर आणि पंपाच्या डायफ्रॅमवर केलं असतं तर आणखी कितीतरी गाड्या आज चालत्या असत्या.

म्हणून एमएच २२ च्या रस्त्यांवर जुनी गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. पुढच्या वेळी गाडी बंद पडली की ती सुरू करायची घाई करू नका. ती बंद आहे तेवढाच वेळ दोष हजर असतो. झाकण उघडा, आवाज ऐका, कार्बोरेटरच्या तोंडात पाहा, टाकी किती भरलेली आहे ते आणि किलोमीटर लिहून ठेवा. तो कागद गॅरेजात द्या आणि कोणताही भाग बदलण्याआधी तो का बदलायचा हे विचारा. काढलेला भाग परत मागा. आणि उत्तर ‘जुनी गाडी आहे’ असं आलं, तर गाडी तिथून उचला आणि दुसऱ्या मिस्त्रीकडे न्या.